कासऱ्याचा हात

हेलिकॉप्टर हवेत एका जागी उभं करणं हे जगातलं सगळ्यात फालतू दिसणारं आणि सगळ्यात अवघड काम आहे. पुढं जायचं नाही, मागं जायचं नाही, जमिनीपासून थोडं वर नुसतं थांबायचं. साध्या विमानाचा दांडा सोडला तरी ते थोडा वेळ सरळ चालतं. हेलिकॉप्टरात तेवढीही माणुसकी नाही. हात सोडला की ते एका अंगाला कलंडायला लागतं. ऐंशीच्या दशकात, घरापासून फार दूर, दक्षिणेत मी हे शिकत होतो.

आमच्या हेलिकॉप्टरात स्टॅबिलायझर होता. त्याच्या पेटीत भिरभिरणारे जायरो, म्हणजे तोल ओळखणारे भोवरे, असत. यंत्र कललं की माझ्या हाताला कळायच्या आत ते ओळखायचे आणि स्वतःच हलका उलटा धक्का द्यायचे. त्या स्टॅबिलायझरचं बटण चालू असलं की मी राजा. सोबतची पोरं कौतुक करायची. आम्हाला शिकवणारे उस्ताद पंजाबकडचे. ते हात लांब करायचे आणि बटण बंद करायचे.

मग तमाशा सुरू व्हायचा. यंत्र उजवीकडे झुकलं की मी दांडा डावीकडे ओढायचो. ते ऐकायचं नाही. मी ओढूनच धरायचो. मग ते ऐकायचं, आणि इतकं ऐकायचं की पार डावीकडे कोसळू पाहायचं. मी पुन्हा उजवीकडे. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. शेवटी उस्ताद दांडा स्वतःकडे घ्यायचे.

"दबाओ और छोड़ो, भाई! पकड़े क्यों रहता है?"

तेच तर मला कळत नव्हतं. शेवटच्या परीक्षेत बटण बंद असणार होतं. त्यात जमलं नाही तर माझं उडणं संपलं, पुढं जमिनीवरची नोकरी.

परीक्षेआधी सुट्टी मिळाली. पांढुर्णा स्टेशनवर बाबा बैलगाडी घेऊन आले होते. ते दुसऱ्यांचा कापूस जिनिंगच्या गिरणीवर वाहायचे, आणि आपला मुलगा हेलिकॉप्टर चालवतो ही बातमी त्यांनी पार सौंसरच्या बाजारापर्यंत पोचवली होती. घर नदीपलीकडं, सावरगावच्या पुढं. गाडी निघाली तसा त्यांनी कासरा माझ्या हाती दिला.

गाडी हाकायला मला त्यांनीच शिकवलं होतं. कासरा ओढला म्हणून बैल लगेच वळत नाही. आधी मान वळते, मग जू, मग गाडी. तोवर कासरा ताणून धरायचा. मधेच सैल केला तर बैलाला वाटतं, हाकणारा विसरला. जाम नदीच्या उतारावर वळण आलं. मी कासरा ओढला, ताणून धरला, आणि माझ्याच मुठीकडे पाहिलं. हवेत मी हेच करत होतो. बैलाला ते चालतं, कारण वळून झालं की तो आपल्या पायांनी सरळ उभा राहतो. हवेत पाय कुणाचे?

बाबा मात्र खूश. "पाह्य, हात अजून बसलेला हाय तुहा. मी लोकायले तेच सांगतो. पोट्टा हेलिकॉप्टर चालवून राहिला ना, तो माह्या शिकवण्यानं!"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

रोग कळला की अर्धा बरा होतो म्हणतात. साफ खोटं. परीक्षेच्या दिवशी उस्तादांनी बटण बंद केलं. मी मनात घोकत होतो, दाब आणि सोड, दाब आणि सोड. थोडा वेळ जमलंही. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि हातानं त्याला जे येत होतं ते केलं. मला दिसत होतं, समजत होतं, आणि मूठ सुटत नव्हती. उस्तादांनी दांडा घेतला. खाली उतरल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला रडूही येईना.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं की बटण बंद असताना चालवता आलं नाही.

"कोणं बंद केलं?"

"उस्तादांनी."

"काहून?"

"हवेत बिघडलं तर हातानं सांभाळता आलं पाहिजे म्हणून."

"चालू असतं तं चालवलं असतं ना तुनं?"

"हो."

तेवढं त्यांना पुरलं. दुसऱ्या दिवशी ते मला जिनिंगवर घेऊन गेले. कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, गाडीवान विड्या ओढत बसले होते. "चालू मशीन बंद केली ना हो त्या लोकायनं!" बाबा ओरडून सांगत होते. सगळे हळहळले. एकानं उस्तादांना शिवी घातली. त्या भल्या माणसाला घातलेली ती शिवी मी ऐकून घेतली.

"माह्या पोराच्या हातात काईच खोट नाई," बाबा म्हणाले, आणि माझा उजवा हात मनगटाला धरून त्यांनी सगळ्यांसमोर वर केला. मी तो तसाच राहू दिला.