मनीषाच्या मागचं गाणं

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, हे आधीच लिहून टाकते. देवळात कुणाच्या अंगात आलं की बायका पाया पडतात. मी मनातल्या मनात म्हणते — एवढं सगळं कळतं ना, मग आमची विहिरीवरची मोटर कुणी नेली तेवढं सांग. सासूबाई मला पाखंडी म्हणतात. तरीही हे लिहितेय, कारण गेल्या हिवाळ्यापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

आम्ही वरवंडचे, तालुका दौंड. घर हायवेपासून आत, कालव्याजवळ. आमची भाजीची शेती, पण आजूबाजूला सगळा ऊसच ऊस. माझी धाकटी जाऊ मनीषा पोलीस भरतीची तयारी करत होती. लग्न, लेक, घर सगळं सांभाळून. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटचीच भरती. लेखीची तिला धास्ती नव्हती, ग्राउंडची होती. रोज सकाळी कालव्याच्या कडेनं ती पळायची, कानात हेडफोनचे बोळे घालून, गाण्याच्या ठेक्यावर.

मग उसात बिबट्या आला. शेजारच्यांची शेळी गेली, आणि सासऱ्यांनी — आम्ही त्यांना मामा म्हणतो — तिचं पळणंच बंद केलं. मनीषा जेवेना. शेवटी मीच मध्ये पडले. वनखात्याची माणसं गावात सांगून गेली होती की एकटं फिरू नका, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून चाला. मी तेवढंच धरून बसले.

"बरं," मामा म्हणाले. "गाणी मोठ्यानं लावायची, आन् तू तिच्या मागं ऱ्हायचं. गाणं थांबलं का पळणं थांबलं. तिला काय झालं तर मी तुला इचारीन."

"व्हय मामा," मी म्हटलं.

झालं... जिना चढताना गुडघे धरणारी मी, कमरेच्या पाऊचमध्ये ब्लूटूथ स्पीकर घालून तिच्यामागे धापा टाकत पळायला लागले.

त्या दिवशी उजाडलं होतं, पण धुकं दाट होतं. हलगीचं एक गाणं लागलं की मनीषा सुटायची, तशी ती सुटली आणि बघता बघता दिसेनाशी झाली. मी पाय ओढत होते. तेवढ्यात स्पीकर बारीकसा वाजला आणि बंद पडला. बटण दाबलं, काही नाही. मोबाईल काढला, तर त्यावरचं गाणंही थांबलेलं.

आणि पुढं, उजव्या हाताला, उसात पाचट वाजलं. वारा नव्हता. काहीतरी जड, सावकाश चाललं होतं — मनीषा गेली त्याच दिशेनं. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं. आवाजच फुटेना. आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते.

तेव्हा धुक्यातून हलगी ऐकू आली. तेच गाणं, माझ्याकडे तुटलं होतं तिथून पुढचं. मला वाटलं, बयेनं आज स्वतःचा मोबाईल आणलाय... जीवात जीव आला. मी आवाजाच्या मागे पळत सुटले. पण मी जेवढं पुढं जावं, तेवढा तो पुढं सरकत होता. ठेका जराही चुकत नव्हता. मग गाणं एकदम थांबलं, आणि समोरून मनीषा परत येताना दिसली.

"काय झालं ताई? गाणं का थांबवलं?"

"मी कुठं थांबवलं? तुझ्याच मोबाईलवर वाजत होतं की."

"माझा तर घरी चार्जिंगला हाय. अवं, तुमचाच स्पीकर. पार माझ्या पाठीशी वाजत होता. मला वाटलं, आज ताई लई पळायला लागल्या."

मी स्पीकर तिच्या हातात दिला. तिनं बटण दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग तिची नजर खाली गेली.

कालव्याच्या पाझरानं तिथली माती ओली असते. तिच्या बुटांचे ठसे उमटले होते, आणि त्या ठशांवर पंजे. उसातून निघून ते तिच्या मागोमाग बरंच अंतर गेले होते आणि मग एकदम वळून पुन्हा उसात शिरले होते. तिचे बूट आणि ते पंजे, यांच्यामध्ये दुसऱ्या कशाचाही ठसा नव्हता.

घरापर्यंत आम्ही हात धरून आलो, तोंडाला येईल ते मोठ्यानं बोलत.

मी घरी सगळं सांगितलं. भाऊजी, म्हणजे मनीषाचा नवरा, म्हणाले, "ऊसतोडीचा ट्रॅक्टर आसंल, गाणी लावूनच हिंडत्यात." लगेच जाऊन बघून आले. चाकाचा माग नव्हता, त्या बाजूची तोड तर सुरूच झाली नव्हती. वनखात्याच्या माणसानं पंजे पाहून मान डोलावली, पण गाण्याचं ऐकून तो हसला. मामा मात्र हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "उद्यापासून तिला दौंडच्या मैदानावर न्या."

मनीषा निवडली गेली. सध्या ट्रेनिंगला आहे. परवा फोनवर म्हणाली, "भरतीला पळताना शेवटच्या राउंडला मागं कायच वाजत नव्हतं, ताई. लई एकटं वाटलं."

तुमच्यापैकी कुणी ब्लूटूथचं वगैरे सांगेल. सांगा, मलाही तेच हवंय. पण मामांनी तिला माझ्यावर सोपवलं होतं. त्या सकाळी तिच्या मागे मी असायला हवं होतं, आणि मी नव्हते. कोण होतं, ते मला अजून माहीत नाही.