गोदावर्याः दक्षिणे तीरे, ट्रुगानिना

मेलबर्नच्या पश्चिम भागात देवाधर्माचे जे काही चालते, ते केवळ आमच्या गुरुजींच्या बेफिकिरीवर चालते, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. गृहस्थ चाळिशीचे. क्लेटनच्या विद्यापीठात शिकायला म्हणून आले आणि आता सोमवार ते शुक्रवार घरोघर एअर कंडिशनर बसवतात. शनिवार-रविवारी त्याच व्हॅनमधून, त्याच पिवळ्या चकाकत्या जॅकेटखाली सोवळे नेसून, वडिलांकडून शिकलेली पूजा सांगायला येतात. दर्भ आणि स्क्रू एकाच डब्यात असतात. एकदा सत्यनारायणाचा चौरंग डगमगू लागला, तेव्हा कथा न थांबवता त्यांनी ड्रिलने त्याचा पाय घट्ट करून दिला. यजमानांना कौतुक वाटले. मला वाटले नाही.

होमापूर्वी छतावरच्या धुराच्या अलार्मला ते आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घालीत. सुरक्षेचे नियम म्हणजे काय, हे मी त्यांना दोन पानी पत्राने कळवले. उत्तरादाखल मोबाइलवर एक अंगठा आला. पुढच्या होमाला टोपी नव्हती. तिसऱ्या आहुतीलाच अलार्म किंचाळू लागला आणि गुरुजी शिडीवर चढून उपरण्याने वारा घालीत मंत्र म्हणत राहिले. यजमानीणबाई कानांवर हात ठेवून विचारत्या झाल्या, तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "नो वरीज, वहिनी. काकांचं पत्र आलंय."

परंतु माझा खरा आक्षेप संकल्पाला होता. यजमान कोण, कोठे बसून, कोणत्या दिवशी हे कर्म करीत आहे, याचे देवासमोर केलेले प्रतिज्ञापत्र म्हणजे संकल्प. गुरुजी मात्र ट्रुगानिना या आमच्या उपनगरातल्या दिवाणखान्यात बसून खुशाल "गोदावर्याः दक्षिणे तीरे" म्हणत. मी नाशिकच्या दिवाणी न्यायालयात नाझर होतो. समन्स बजावणी हे माझे काम. चुकीच्या पत्त्यावरचे समन्स न बजावता परत येते, हे मी जन्मभर पाहिले आहे. शिवाय माझ्या पत्नीचे वर्षश्राद्ध चार महिन्यांवर आले होते. आजारपणात तिने मला एकच विचारले होते, "इथून दिलेलं तिकडे पोचतं का हो?" ते मी पाहीन, असे मी तिला सांगितले होते.

सबब मी पाच पानी पत्र लिहिले. गुरुजींनी ते मनावर घेतले, आणि अति घेतले. पुढच्याच पूजेत उपनगर, रस्ता, घरक्रमांक आणि पिनकोड संस्कृतात आले, व शेवटी "शीतकपाटस्य वामभागे" असेही आले. फ्रिज खरोखरच उजवीकडे होता, म्हणजे आम्ही त्याच्या डावीकडे होतो. हरकत घेण्यास जागा नव्हती.

श्राद्धाच्या दिवशी गुरुजी जॅकेट बाहेर काढून ठेवून आले. एवढे त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते. आमचा एअर कंडिशनर त्यांनीच बसवलेला. त्यानंतर फिल्टर पाहण्याच्या निमित्ताने ते दर महिन्याला येत आणि हिच्या हातची थालीपिठे खाऊन जात. फिल्टरला काहीही झालेले नसे. मी बोटात दर्भाचे पवित्रक घालून बसलो. संकल्प सुरू झाला आणि स्पष्ट, सावकाश आवाजात गुरुजी म्हणाले, "गोदावर्याः दक्षिणे तीरे."

मी हात वर केला. मुलगा म्हणाला, "बाबा, प्लीज."

गुरुजींनी मान वर केली नाही. "काका, तुम्ही कुठे बसलाय ते दिसतंय. पण पोचायला घेणाऱ्याचा पत्ता लागतो ना? काकूंनी मला इथला कधी सांगितलाच नाही."

ते खरे होते. सात वर्षे येथे राहूनही कोणी पत्ता विचारला की ती नाशिकच्या गोदाकाठच्या घराचा सांगे. इथला मला सांगावा लागे. मी हात खाली घेतला आणि पाणी सोडले.

गुरुजींच्या युक्तिवादात तीन ठळक दोष आहेत. त्याच दुपारी मी कागद घेऊन बसलो. दिनांक आणि विषय लिहून झाला आहे; मजकूर अद्याप व्हायचा आहे.

पुढच्या शनिवारी ते फिल्टर पाहायला आले. थालीपिठे मीच लावली. जाड झाली आणि मीठही घालायचे राहिले. त्यांनी दोन खाल्ली, आणि महिन्याने पुन्हा पाहावे लागेल म्हणाले.