फ्रिजमधला हिवाळा

आमच्या फ्रिजचा खालचा कप्पा भाजीसाठी नव्हता, सायबेरियासाठी होता. सायबेरिया म्हणजे परदेशात, सेम्बावांग उपनगरातल्या फ्लॅटमधला माझा रूम पार्टनर. मूळचा साताऱ्याचा, इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन करणारा. उत्तरेकडच्या बर्फाळ जंगलांचे उपग्रहावरून घेतलेले फोटो दिवसभर न्याहाळायचे, हे त्याचं काम. या गृहस्थाने बर्फ स्वतः मात्र कधी पाहिलेला नव्हता.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, त्याच्यासमोर बसणं ही शिक्षाच होती. मी ऑफिस करून दमून आलेलो, नूडल्स गार होतायत, आणि हा चॉपस्टिक्सची कात्री करून दाखवतोय, "स्प्रूस झाडाच्या शंकूतलं बी काढायला क्रॉसबिल पक्ष्याची चोच अशी एकमेकींवर चढलेली असते, बघ!" मग ससा थंडीत पांढरा कसा होतो ते. मग बेडूक. "तिकडचा एक बेडूक हिवाळ्यात चक्क गोठतो. काळीज बंद! आणि वसंतात परत उडी मारतो."

"गप जेव," मी म्हणायचो. नीट ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं.

त्याच्याकडे लार्च नावाच्या झाडाचं वीतभर रोप होतं. तीन वर्षं जपलेलं, बी पेरून स्वतः वाढवलेलं. मऊ हिरव्या सुयांचे झुपके असायचे त्याला. सगळ्या उत्तरेतलं त्याने हात लावलेलं हे एकच झाड. त्यासाठी एसी सोळावर आणि दिवा वीस तास चालू, कारण तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळायचं नाव घेत नाही. हॉलसुद्धा इतका गारठायचा की विषुववृत्ताच्या शेजारी राहून मी स्वेटर घालून कुकर लावत असे. वर्षअखेरीला दिव्याचे तास कमी व्हायचे आणि रोपाची रवानगी फ्रिजमध्ये.

"त्याला हिवाळा नको का?" तो विचारायचा.

"आणि माझ्या कोथिंबिरीला?" यावर तो खरोखरच विचारात पडायचा. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

एकदा पुण्याहून आई यायची होती. तिच्या डब्यांना जागा हवी म्हणून मी सकाळीच फ्रिज घासायला काढला. खालच्या कप्प्यातल्या कुंडीत नुसती काडी उभी होती, सगळ्या सुया पिवळ्या होऊन गळालेल्या. मेलं एकदाचं! मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. कुंडीसकट कचऱ्याच्या चूटमध्ये, म्हणजे थेट तळमजल्यावर जाणाऱ्या नळीत, सोडून दिलं.

संध्याकाळी त्याने कप्पा उघडला आणि माझ्याकडे पाहिलं.

"वाळलं होतं रे ते. टाकलं."

"वाळलं नव्हतं. लार्चच्या सुया थंडीत गळतात. झोपलं होतं ते."

तो अनवाणीच खाली धावला. कचऱ्याची गाडी दुपारी येऊन गेली होती. तोवर येऊन पोचलेल्या आईने मला झाप झाप झापलं. "पानं गळाली म्हणून झाड टाकतात का रे? आपल्या दारचा चाफा हिवाळ्यात उघडाबोडका असतो, तो टाकला का मी?" सायबेरिया पिठलं-भात जेवला आणि उठून आईचे डबे त्या रिकाम्या कप्प्यात लावू लागला. मला लाज वाटली आणि त्याच्या चांगुलपणाचा रागही आला.

काही महिन्यांनी त्याचं इथलं काम संपलं आणि फिनलंडच्या उत्तरेला लार्चची लागवड केलेल्या एका जंगलात नोकरी लागली. तो गेल्यावर खालच्या कप्प्यात एक डबी सापडली, ओल्या वाळूत बिया. मी लगेच फोन केला, "अरे, तुझ्या बिया राहिल्या."

"राहिल्या नाहीत, ठेवल्यात. तिकडे लाखो झाडं आहेत. तुझ्याकडे एक तरी हवं."

म्हणजे जाऊनही कप्पा सोडला नाही! त्यातली एकच बी रुजली. आता माझं लग्न झालंय. परवा बायको फ्रिज आवरता आवरता म्हणाली, "ही काडी वाळलीय. टाकू?" मी किंचाळलोच, "हात लावू नकोस, झोपलंय ते!" भाजी आमची अजून बाहेरच सडते.

त्या काडीचा फोटो मी त्याला पाठवला. उत्तरादाखल त्याचा फोटो आला. गुडघाभर बर्फात उभा, नाक लाल, हसतोय, आणि मागे नजर पोचेल तिथवर उघडी लार्चची झाडं. खाली लिहिलं होतं, "यातलं एकही टाकू नकोस."