कोमट रेडिएटर

रविवारी सकाळपासून ऑलिव्ह मर्गाट्रॉइडच्या पायाला भिंगरी लागली होती. बैठकीतल्या भिंतीवरच्या, गरम पाण्याने तापणाऱ्या रेडिएटरला हात लाव, स्वयंपाकघरातल्याला लाव, धापा टाकत जिना चढून वरच्याला लाव. सगळे कोमट. दुपारी लीड्सहून लेक यायची होती, आणि ग्लेनिसने फोनवर बजावलं होतं, "आई, या खेपेला घर गार असलं तर तुला माझ्याकडे कायमची घेऊन जाणार."

हॅलिफॅक्सच्या चढावरचं हे घर सोडायचं? शाळेच्या खानावळीत जन्मभर पोरांना वाढून ती इथेच परतली, नवऱ्याला इथूनच पोचवलं. थंडीला ती भीत नव्हती. भीत होती लेकीच्या तळहाताला. कारण त्या मुलखात घराची ऊब हवेवरून ठरत नाही, रेडिएटरवरून ठरते. आल्या आल्या त्याला पाठ टेकायची. चटका बसला तर घर ऊबदार. रेडिएटरांना पाणी तापवून देणारा ऑलिव्हचा गॅसचा बॉइलरही कायम ऐंशी अंशांवर असायचा: सकाळ-संध्याकाळ भडका, मधल्या वेळात गारठा.

गेल्या आठवड्यात बॉइलर तपासायला आलेल्या कीथने पाणी किती तापवायचं ते ठरवणारं बटण पन्नासवर आणून ठेवलं.

"मावशी, यावर लिहिलंय, गॅसची चौऱ्याण्णव टक्के ऊब घराला मिळते, पण ते कधी? पाणी घरभर फिरून निवून परत आलं तर. मग धुरातली वाफ आतच पाणी होते आणि आपली ऊब देऊन जाते. तुमचं पाणी परत येतं तेही कढत. मग वाफ ऊब घेऊन चालली बाहेर."

"म्हणजे इतकी वर्षं मी गल्ली तापवत होते?"

"गल्लीतली मांजरं दुवा देत असतील. आता दिवसभर मंद चालू द्या. अंगणातल्या पांढऱ्या नळीतून त्या वाफेचं पाणी ठिबकलं, की समजा काम नीट चाललंय."

ठिबकत होतं. खोलीही ऊबदार होती. तरी सकाळी तिचा धीर सुटलाच, बटण ऐंशीवर गेलं. घटकाभराने अंगणात डोकावली, तर नळीचं ठिबकणं थांबलेलं. पुन्हा पन्नासवर. मग खिडकी ते दार, दार ते खिडकी.

ग्लेनिस आली, कोट खुंटीला अडकवला आणि थेट रेडिएटरवर हात ठेवला.

"आई, हा तर मेलेल्या माशासारखा आहे. गॅस वाचवतेस ना?"

"वाचवते, पण कुडकुडून नाही. चल, दाखवते."

मनगट धरून तिने लेकीला अंगणात नेलं. माळावरून बोचरा वारा सुटला होता.

"हे बघ."

"काय बघू? ठिबकणारी नळी?"

"ती वाफ असते ना... ती गार पाण्याला... म्हणजे बाहेर जाण्याआधी..." ऑलिव्ह अडखळली. "कीथ सांगत होता तेव्हा कळत होतं गं."

ग्लेनिस उघडे दंड चोळत म्हणाली, "तुझी नळी फार देखणी आहे. आता आत चल, मी गोठले."

आत येताच तिचे आखडलेले खांदे सैल झाले. कोटाकडे तिने हात नेला, मग तसाच मागे घेतला. रेडिएटरकडे मात्र संशयाने पाहिलं.

"बरं, राहा इथेच. पण जानेवारीत येणार मी. खरी थंडी तेव्हा."

"ये की," ऑलिव्ह म्हणाली आणि चहा ओतू लागली. पण जानेवारीच्या विचाराने कान अंगणातल्या ठिबकण्याकडेच होते.