बयाबाईची काहील

बेल्ह्याच्या शिवारात सयाजीच्या घरी पाणी मागायला छाती लागायची. पाणी मिळायचं, अगदी हसतमुखाने मिळायचं. पण पाव पेला. "लागलं तर परत मागा, लाजू नका," सयाजी म्हणायचा, "पर टाकू नका." आणि पाहुण्याने तळाशी घोटभर ठेवलंच, तर हा पेला घेऊन समोर उभा.

"पावणं, एवढं ऱ्हायलं."

"पोट भरलं राव."

"मग डोळ्यांला लावा. उन्हाचं आलाय."

हात धुवायला पाहुण्याला थेट अंगणातल्या भाजीत उभं केलं जाई. तिथेही सूचना चालूच. "जरा डावीकडं सरका पावणं. त्या वांग्याला काल काय मिळालं नाय."

सयाजीच्या दारात आड होता. पावसाळ्यात तो भरायचा आणि दुसऱ्या कुणाच्या हातात असता, तर शिमग्यालाच आटला असता. सयाजी तो मृगापर्यंत पुरवायचा. त्यासाठी बिचारा दिवाळीपासूनच वैशाख जगायला लागे. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भांड्यांचं पाणी वांग्याला, आणि स्वतःची अंघोळ एका तांब्यात. त्या अंघोळीत पाणी अंगाला लागतं की नुसतं दाखवलं जातं, यावर वस्तीत दोन तट होते.

बायको बयाबाई मात्र ओझरकडची. कालव्याकाठी वाढलेली; नळ बंद करायचा असतो हे तिला लग्नानंतर कळलं. तरी तिने निभावलं. पण पंच्याण्णवच्या दिवाळीत घोटाळा झाला. पहाटे तिने अंगभर उटणं लावलं आणि सयाजीने न्हाणीत दोन तांबे पाणी ठेवलं. सण म्हणून एक जादा! उटणं निम्मंच निघालं. उरलेलं दुपारपर्यंत असं वाळलं, की बयाबाई पोपडे धरलेल्या भिंतीसारखी दिसू लागली. हसली असती तर गालाला तडा गेला असता. म्हणून ती हसलीच नाही. भाऊबीजेला वस्तीतल्या पप्पूच्या टेम्पोत बसून माहेरी गेली आणि तिकडेच राहिली.

निरोप पप्पूनेच आणला. "काकी म्हणत्यात, काठोकाठ बादलीभर अंघोळ रोज देणार असंल तर येते. नायतर हितंच बरी."

"सणासुदीला म्हणाली असंल."

"नाय काका. रोज."

"मग ऱ्हाऊ दे तिकडंच!" सयाजी म्हणाला. मनातून खूशही झाला. एक माणूस कमी, म्हणजे तेवढं पाणी शिल्लक.

त्याच संध्याकाळी त्याने पिठलं केलं. ते कढईला असं बसलं, की जणू पत्रिकाच जुळली होती. घासायला दोन बादल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी दूध करपलं, तिसऱ्या दिवशी भात. बायकोचं वाचवलेलं पाणी भांडी पिऊन टाकू लागली. शिवाय घरात "सांडू नको" म्हणायला कुणी उरलं नव्हतं. ते तो म्हशीला म्हणू लागला, आणि म्हैस उलट बोलत नव्हती, त्यामुळे चैन पडेना. शेवटी आडाचा दोर हातभर जास्त सोडावा लागला, तसा तो पप्पूच्या टेम्पोत जाऊन बसला.

मेव्हण्याच्या, म्हणजे भरतच्या अंगणात नळी उगाच वाहत पडली होती. सयाजीने चपला काढायच्या आधी नळ बंद केला.

"अवं दाजी, ऱ्हाऊ द्या!" भरतची बायको शीला म्हणाली. "आमच्यात पाण्याला काय तोटा नाय."

"तोट्याला वाट ठावी असती वहिनी, यायला वेळ लागत नाय."

जावयासाठी पिंपभर पाणी तापवलं होतं. सयाजी न्हाणीत गेला तसा बाहेर आला. भरतने पिंपात डोकावून पाहिलं. "दाजी, अंगाला लागलं का पाणी?" मग त्याने सयाजीला गोठ्यामागे ओढलं. "पाया पडतो, आक्काला घेऊन जावा."

"का? काय झालं?"

"शीलानं भांडी घासायला घेतली की ही मागं उभी. पाणी फेकू देत नाय. काल मी चूळ भरली तर म्हणती, हितं नको, आळूवर टाक. शीला म्हणती, एकतर वन्सं ऱ्हातील नायतर मी!"

सयाजीची छाती फुगली. तेवढ्यात ओल्या केसांची बयाबाईच समोर आली.

"बादलीचं काय ठरलं?"

"निम्मी."

"काठोकाठ."

"अगं, आड आटला तर वैशाखात मैलभरावनं हंडे कोण वाहणार? तूच न्हवं?"

 वस्तीतल्या साऱ्या बायका उन्हाळ्यात त्या वाटेने हंडे वाहायच्या. बयाबाईच्या डोक्यावर मात्र तो हंडा कधी चढला नव्हता. हे तिला ठाऊक होतं. फक्त नवऱ्यासमोर कबूल करायचं नव्हतं. ती इकडेतिकडे पाहू लागली आणि तिची नजर भिंतीला टेकवलेल्या जुन्या काहिलीवर, त्या भल्यामोठ्या पसरट कढईवर गेली. आजाच्या वेळी तिच्यात गूळ व्हायचा. गुऱ्हाळ बंद पडल्यापासून तिच्याआड कोंबड्या झोपायच्या.

"भरत, तुझी ओवाळणीची साडी परत घे. मला ती काहील दे."

"गुऱ्हाळ टाकती का काय आक्का?"

"न्हाय. अंघोळ करती."

टेम्पोत काहील आणि काहिलीत नवराबायको, अशी वरात परत निघाली. वाटेत जो तो विचारी, "काय सयाजीराव, गूळ काढणार वाटतं?"

"व्हय," पप्पू पुढून ओरडे, "काकांचाच!"

काहील न्हाणीच्या दारातून जाईना. सयाजीने न्हाणी पाडली आणि काहिलीभोवती नवी बांधली.

पहिल्या दिवशी बयाबाईने काहिलीत पाट ठेवला आणि काठोकाठ बादली घेऊन त्यावर बसली. सयाजी बाहेर. आत तांब्यावर तांबा ओतला जात होता आणि इकडे हा बोटांवर एकेक मोजत होता.

"अगं, हळू!"

"गप बसा तुमी!"

अखेर ती बाहेर आली. काहिलीतलं पाणी तिने त्याच्यादेखत परत बादलीत भरलं. यात धुणं, मग म्हशीचा गोठा, असा बेत होता. सयाजीने बादलीत बोट बुडवून पाहिलं.

"तांब्याभर कमी हाय."

"तो माझ्या केसांत हाय. पिळून देऊ?"

सयाजीने क्षणभर खरोखर विचार केला. तेवढंच चुकलं. बयाबाईने केस पिळले, ते थेट त्याच्या डोक्यावर. वस्तीतले दोन्ही तट एवढ्यावर मात्र एक झाले, की कित्येक वर्षांनी सयाजीच्या अंगाला पाणी लागलं, ते त्या दिवशी.