आजेसासऱ्यांशेजारची चौकट

रत्नागिरीत घरांचे मोठे नकाशे छापून देणारा तो गृहस्थ कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा. मशीनमधून कागद सरकू लागला, की सुपारी चघळत एकेक नाव पुटपुटायचा.

मी तेव्हा पन्नाशीची तरणीताठी, कॉम्प्युटर शिकल्याच्या तोऱ्यात! घराण्याची वंशावळ मीच सॉफ्टवेअरमध्ये भरून त्याच्याकडे छापायला आणली होती. दुसऱ्या दिवशी हेदवीला, कुलसंमेलनात, ती सासूबाईंसमोर भिंतीवर लागणार होती.

त्याची सुपारी थांबली.

"वहिनी, तुम्ही आजेसासऱ्यांशी लग्न लावलंत की हो!"

आमच्यात नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात. मी शहाणी नवरा सोडून त्याच्या आजोबांशेजारी जाऊन बसले होते.

तेवढ्यात दारात दीर, गावभर बोभाटा करणारे. "झाला तक्ता? बघू."

त्या गृहस्थाने नेमकं माझ्या चौकटीवर कोपर टेकलं. "शाई ओली आहे. संध्याकाळी या."

शाई खरंच ओली होती. पांढरी बाही काळी झाली, तरी दीर जाईपर्यंत तो हलला नाही. माझा जीव भांड्यात पडला.

"आता नवऱ्याकडे पाठवू ना?" त्याने गंभीरपणे विचारलं.

"पाठवा. पण सासूबाई माझी सून म्हणून माझ्याच पाया पडल्या असत्या, तेवढं हुकलं हो!"