एक बूट इथे, एक तिथे

देवळाबाहेर चपला कधी एकत्र काढायच्या नाहीत, हे मला वडिलांनी शिकवलं. एक या कोपऱ्यात, दुसरी पार त्या टोकाला. चोर जोडी उचलतो, एकटी चप्पल घेऊन तो काय करणार? आमच्या घरातली एकही चप्पल कधी चोरीला गेली नाही, आणि पुण्याहून ऑकलंडला आले तेव्हा ही युक्ती माझ्यासोबत आली. इथे कोणी कोणाचे बूट नेत नाही, हे इतकी वर्षं राहून मला नीट ठाऊक आहे. पण सवय ती सवय.

त्या शनिवारी मी ऑकलंडमधल्या बॉटनी या उपनगरातून सकाळी सातला निघाले, एकटी. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी मेलबर्नला होती. "एकटीच?" हा प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटले होते. गणपतीत भेटलेली एक मैत्रीण तर म्हणाली होती, "अगं, सोलो? सेफ आहे का? आमच्याबरोबर ये ना, गाडीत हीप्स जागा आहे, ढीगभर." मला तिच्या गाडीतली जागा नको होती. मनाला येईल तिथे थांबायचं, दिसेल ते बघायचं, हवं ते खायचं आणि कोणाला काही सांगायचं नाही, एवढंच मला हवं होतं.

दहाच्या सुमाराला एका खेड्यात थांबले. खेडं म्हणजे एक चर्च, एक पेट्रोल पंप आणि एक टी-रूम. टी-रूम चालवणाऱ्या बाई पंच्याहत्तरीच्या. मूळच्या इंग्लंडच्या उत्तरेकडच्या, लग्न करून इथे आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांनी फ्रूटकेकच्या तुकड्यावर चीजची जाड चकती ठेवून बशी माझ्यापुढे सरकवली. मी नाक मुरडलं.

"आमच्याकडे असाच खातात," त्या म्हणाल्या, आणि मी पहिला घास घेईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

अप्रतिम लागला. दिवाळीत शंकरपाळ्याबरोबर चिवडा खातो ना, तसंच काहीसं. मी सांगून टाकलं, "नदीपलीकडचा धबधबा बघून दोन वाजता परत येते. एक तुकडा माझ्यासाठी ठेवा."

"एकटीच? तू तिकडे चालली आहेस हे कोणाला माहीत आहे का?"

झालं! सातासमुद्रापलीकडच्या म्हातारीलाही तीच पंचाईत. "कोणालाही नाही," मी ठसक्यात म्हणाले. "माझी वाट बघणारं घरी कोणी नाही." जणू काही मोठं बक्षीस मिळाल्यासारखं मी ते सांगितलं. बाई फडक्याने काउंटर पुसत राहिल्या.

पुढे वीस मिनिटांवर रस्ता संपला. तिथे गाडी लावून मी मेंढ्यांच्या कुरणातून नदीपर्यंत चालत गेले. पाणी जेमतेम पोटरीपर्यंत होतं. इथले लोक बुटांसकट पाण्यात उतरतात. माझे बूट मात्र नवेकोरे, माउंट वेलिंग्टनच्या दुकानात सेलमध्ये रांग लावून घेतलेले. ते मी भिजवणार? शक्यच नाही. मी बूट काढले, पलीकडे घालायला पिशवीतल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, हातात घेतल्या, आणि बाकीचं काम हातांनी आपोआप केलं. उजवा बूट पाण्याजवळच्या दगडापाशी ठेवला, डावा वीस पावलांवरच्या उंच पात्यांच्या झुडपामागे.

धबधबा लहानसाच होता, पण तो सगळा माझा एकटीचा होता. डब्यातली थालीपिठं खाल्ली आणि उन्हात एका सपाट दगडावर पाठ टेकली. तिथे फोनला रेंज नव्हती, त्याचाही मला आनंदच झाला. डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा साडेतीन वाजून गेले होते आणि डोंगरमाथा काळा पडला होता.

धावत नदीपाशी आले आणि थबकले. वर कुठेतरी पाऊस झाला असणार. पाणी मातकट झालं होतं, दुपटीने रुंद झालं होतं आणि फांद्या वाहून नेत होतं. आणि समोरच्या काठावर त्या बाई उभ्या होत्या. अंगात जाड कोट, एका हातात झाडूचा दांडा, दुसऱ्या हातात माझा उजवा बूट.

आधी मला बुटाचाच राग आला. याला हात कशाला लावला यांनी? मग बाईंनी तो हळूच खाली ठेवला आणि दांडा टेकत त्या पाण्यात उतरल्या.

त्या कुठे चालल्या आहेत ते मला दिसलं. खालच्या बाजूला, विलोच्या झाडाच्या मुळांत काळं काहीतरी अडकून वरखाली होत होतं. गवताच्या गठ्ठ्यांना गुंडाळतात ते प्लास्टिक होतं. माझ्या बाजूने ते स्पष्ट ओळखू येत होतं. त्यांच्या बाजूने ते माणसासारखं दिसत असणार. रिकामी गाडी, चढलेलं पाणी, काठावर एकच बूट. माझ्या मरणाचा पुरावा मी स्वतःच्या हाताने मांडून आले होते.

मी इंग्रजीत ओरडले. नदीच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. पाणी त्यांच्या गुडघ्यांवर आलं, मग मांड्यांपर्यंत. मी उतरले असते तर दोघीही गेलो असतो, आणि मी न उतरता त्या गेल्या असत्या तर ते पाप माझंच होतं. मी जँडल काढून भिरकावली. ती त्यांच्या मागे पडून वाहून गेली. त्यांनी दांडा पुढे केला, त्या काळ्या गोळ्याला टोचलं, आणि तेवढ्यात त्यांचा पाय घसरला.

"आजी!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. "आजी, मागे फिरा! मी इकडे आहे!" मराठीत. इंग्रजी कुठल्या कुठे पळालं होतं.

दांडा गेला. पाणी त्यांच्या छातीशी आलं. एका हाताला विलोची फांदी सापडली होती, तिला लटकून त्यांनी मान वर केली आणि मी त्यांना दिसले. त्या तशाच बघत राहिल्या. मी दोन्ही हातांनी मागे, मागे अशा खुणा करत होते आणि रडत होते. फांदी धरून त्या काठाला लागल्या, रांगत वर चढल्या आणि गवतात बसल्या. मग हाताने खालच्या दिशेला खूण केली. तिकडे शेतकऱ्याचा पूल होता.

एक पाय अनवाणी, एका पायात जँडल, अशी मी पाऊण तास चालत त्यांच्यापाशी पोचले. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, हे आई उगाच म्हणत नसे. त्या आपल्या गाडीत हीटर लावून बसल्या होत्या, ओठ निळे पडले होते. मी चपलांची युक्ती सांगितली. त्या हसल्या नाहीत. मलाही ती सांगताना लाज वाटली.

"पोलिसांना फोन का नाही केलात?" मी विचारलं. "पाण्यात कशाला उतरायचं?"

"फोनसाठी दुकानापर्यंत परत जावं लागलं असतं. तेवढ्यात तू वाहून गेली असतीस." त्यांचे दात वाजत होते. "आणि सकाळी तूच म्हणालीस ना, वाट बघणारं कोणी नाही. मग दुसरं कोण आलं असतं?"

त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि कागदाची एक पुडी बाहेर काढली. कागदातून नदीचं गढूळ पाणी गळत होतं. आत केकचा लगदा झाला होता, चीजची चकती तेवढी शाबूत होती.

"दोन वाजता येते म्हणाली होतीस," त्या म्हणाल्या. "ठेवला होता तुझ्यासाठी."

मी तो तिथेच बसून, वाळूसकट, सगळा खाल्ला.